चरे काढणारे नाना

नाना कुणाच्याही फटफटीला हात लावायच्या आधी तिच्यावर पाणी ओतायचे. मालक घाईत असो, ओळखीचा असो, गाडी कालच धुतलेली असो, आधी पाणी. तांब्या पेट्रोलच्या टाकीच्या अगदी जवळ नेऊन, बाळाच्या टाळूवर ओततात तसं हळूहळू. धूळ वाहून खाली गेली की मग त्यांचा हात पुढे यायचा. तोपर्यंत दोन्ही हात पाठीमागे.

"धूळ म्हंजी बारीक दगुडच," ते म्हणायचे. "कोरडी पुसली का गाडीवर दगुड फिरिवल्यागत."

नगरला माळीवाड्याच्या पुढे, स्टँडवरच्या एसट्यांचा आवाज येईल एवढ्या अंतरावर चार खोल्यांची एक ओळ होती. तिथे आमची आणि नानांची खोली एका भिंतीची. आमचे हे फॉरेस्टात कारकून होते, दिवसभर बाहेर. मला दारात जाऊन बसायची सवय नव्हती. मी उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडायचे, आणि तिथून नानांची पत्र्याची शेड दिसायची. चार खांब, वर पत्रा, आणि ऊन येऊ नये म्हणून पश्चिमेला गोणपाटाचा पडदा. माझ्या जागेवरून नानांचा चेहरा खांबाआड जायचा आणि हात तेवढे दिसायचे. त्यामुळे नाना आठवले की आधी हात आठवतात. बारीक, लांब बोटांचे, आणि डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं.

फटफटीवर पडलेले बारीक चरे, डाग, रंगावर आलेली अंधारी, एवढंच ते काढायचे. पूर्वी एका मोटार गॅरेजात साहेब लोकांच्या गाड्यांना पॉलिश करायला होते. ते गॅरेज बंद झालं तेव्हा त्यांनी घरासमोर हे सुरू केलं. डब्यातलं रबिंग, म्हणजे रंग घासायचं तयार मलम, मिळायचं तेव्हा ते वापरायचे, पण बारीक कामाला त्यांचं स्वतःचं औषध होतं. दातांची पांढरी पूड मलमलच्या कापडातून गाळून घ्यायची, इतकी की फुंकर मारली तर धूर व्हावा. ती थेंब थेंब तेलात कालवायची. शेवटी मेण. मेण अकोले-राजूरकडच्या डोंगरातून यायचं आणि ते उन्हात वितळवायचं, चुलीवर नाही. अंगात बंडी, तीही बंदांची, कारण बटण घासलं जातं. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही. फडकं जमिनीवर पडलं तर ते संपलं. झटकून घेऊ म्हटलं तरी नाही. ते कौसामावशींकडे जायचं, चुलीवरचं भांडं उतरवायला.

कौसामावशी म्हणजे त्यांची बायको. त्या दारात बसून विड्या वळायच्या. आवाज मोठा. तंबाखूचं सूप झटकायला उठल्या की शेडमधून ओरड यायची.

"कौसे, वारा बघ! वारा हिकडं हाय!"

"तुमच्या गाडीला तंबाखू चालत न्हाई व्हय? मालकाला तर चालतीया!"

गिऱ्हाईक हसायचं. नाना नाही. काम चालू असताना ते हसायचे नाहीत, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचे.

दसऱ्यानंतरचे आठ-पंधरा दिवस त्यांच्या हंगामाचे. लोक गाडीची पूजा करायचे, तारेत ओवलेला झेंडूचा हार हँडलला बांधायचे, आणि तो हार टाकीवर डुलत गावभर फिरायचा. शिवाय नारळाचं पाणी उडालेलं, हळदकुंकवाचं स्वस्तिक बोटानं रेटून काढलेलं. असली गाडी आली की नाना टाकीकडे बघून म्हणायचे, "देवाला फूल आवडतं रं बाबा. तार कुनी सांगितली हुती?"

भिंगारच्या कॅम्पातला एक हवालदार एकदा आला होता. बोलणं सगळं हुकमाचं.

"हे एवढं संध्याकाळपर्यंत काढून ठेव."

नानांनी पाणी ओतलं, टाकी टिपली आणि अंगठ्याचं नख चऱ्यावरून आडवं फिरवलं. नख थांबलं. मला ते माझ्या दारातून दिसलं.

"हे न्हाई निघायचं."

"का? केसाएवढं तर आहे."

"बारीक हाय, पर खोल हाय. नख अडाकतंय."

"मग जोर लावून घास."

"सायेब, घासून चरा जात नसतो. तो हाय तिथंच ऱ्हातो. आमी भवतालचा रंग काढीत काढीत त्याच्या तळापत्तुर आनतो, मंग तो दिसत न्हाई, इतकंच. तुमचा चरा पार रंगाखालच्या अस्तराला टेकलाय. तिथवर रंग काढला तर पत्रा उघडा पडंल."

"तर वरून रंग लाव."

"ते पेंटराचं काम. मी लावीत न्हाई. मी काढतो."

हवालदार किक मारून गेला. जाताना "मोठा डाक्टर लागून गेला" असं काहीतरी म्हणाला. कौसामावशींनी विडीचं पान कातरता कातरता मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "बघितलंस का गं इंदू? गिऱ्हाईकाला न्हाई म्हनायची ह्यास्नी लई हौस."

त्यांची एकुलती मुलगी लीला. माझ्याहून थोडी लहान. ती नानांच्या हाताखाली तांब्या धरायची, पूड गाळायची. शेडमध्ये जाताना ती हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवून वर चिंधी गुंडाळायची, कुणी सांगायच्या आधी. तिचा हात चांगला आहे असं नाना म्हणायचे, आणि नानांनी हे दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलेलं मी ऐकलं नाही. आम्हा दोघींचं बोलणं नळावर. तिथेही ती कमी बोलायची आणि मी त्याहून कमी.

तिला बघायला नेवाशाच्या पलीकडचं एक स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात शेतकी खात्यात होता आणि त्याची स्वतःची फटफटी होती, काळी. मागे मामाला बसवून तो आला. आत यायच्या आधी त्यानं गाडी उन्हातून काढून नानांच्या शेडखाली सावलीत लावली, डिकीतून मऊ पंचा काढला आणि टाकीवर पसरला. मग हातपाय धुऊन आत आला. पोह्यांच्या बशा न्यायला मला बोलावलं होतं. मुलगा सरळ नाकाचा, शांत. कपाची कड रुमालानं पुसून मग चहा प्यायला. कौसामावशींनी घर किती, माणसं किती, सगळं विचारलं. नाना तेवढ्यात दोनदा बाहेर जाऊन आले.

पाहुणे गेल्यावर नाना म्हणाले, "पोरगा चांगला हाय."

"काय बघितलंत त्याच्यात?"

"गाडी बघितली. वरीस झालंय घिऊन. टाकीवर एक चरा न्हाई. किल्ली लोंबून जिथं हरेक गाडीला चरा पडतो ना, तिथं सुदीक न्हाई. किल्लीला त्यानं कापडाची पिशवी शिवून घातलीया."

"अवो, पोरगी द्यायचीया. गाडी न्हाई ठिवायची त्याच्याकडं."

"निर्जीव वस्तूला इतकं जपतो, तो मानसाला जपनार न्हाई व्हय?"

"तोंडातनं धा शब्द निघाले न्हाईत त्याच्या."

"मंग बरंच हाय की. ह्या घरात बोलनारं एक हाय तेवढं बास."

मावशींना हसू आलं आणि ते स्थळ ठरलं. लीलाला कुणी विचारलं नाही. नळावर मीच विचारलं, तर म्हणाली, "नानांनी गाडी बघितलीया ना." हे ती गमतीनं म्हणाली की खरंच, ते मला अजून उमगलेलं नाही.

वैशाखात लग्न झालं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो हाच. नगरात नळाला करंगळीएवढी धार, तीही एका दिवसाआड. गावांकडे टँकर. नेवाशापलीकडे धरणाचं पाणी पोचलेलं नव्हतं त्या भागात तर लीलाच्या सासरी सगळ्यांना मिळून दोन हंडे, आणि ते सासूच्या ताब्यात. हे आम्हाला नंतर कळलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काळी फटफटी शेडसमोर येऊन थांबली. मागे लीला, मांडीवर तिची पत्र्याची पेटी. जावयानं या वेळी गाडी सावलीत लावली नाही. मुद्दाम उन्हात लावली.

"मामा, बघा," तो नानांना म्हणाला.

नाना वाकले. मीही दारातून बघितलं. उन्हात ती टाकी म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखी दिसत होती. सगळीकडून बारीक, पांढरट, आडवेतिडवे चरे. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक तसंच होतं.

"हे तुमच्या मुलीनं केलंय. मी तिला बोललो नाही. हातही लावला नाही. विचारा तिला."

"न्हाई लावला," लीला म्हणाली.

"फक्त तिला वस्तूची किंमत नाही. पॉलिशवाल्याची मुलगी म्हणून केली, तर ही तऱ्हा. आधी गाडी होती तशी करा, मग बघू."

त्यानं आवाज चढवला नव्हता. चहाही घेतला नाही. रुमालानं हात पुसले आणि स्टँडकडे चालत गेला.

कौसामावशी लीलाच्या अंगावर धावून गेल्या. नानांनी त्यांना हातानं थांबवलं आणि लीलाला विचारलं, "कोरडंच पुसलं?"

"व्हय."

"तुला ठावं न्हवतं?"

"ठावं हुतं नाना. दसऱ्याची गाडी सजवायची म्हनले. धुरळा बोटभर. पानी वतलं असतं तर सासूबाई बोलल्या असत्या. हंड्यात खाली बुडाला हुतं, त्यात घरातली धाकली दोन लेकरं तहानेली." ती थांबली. "गाडीवर कसं वतू पानी?"

नानांनी टाकी पुन्हा निरखून बघितली. मग म्हणाले, "कापड कसलं घेतलंस?"

"माझं जुनं लुगडं."

"मऊ हुतं?"

"लई मऊ हुतं."

"मंग बरं केलंस," नाना म्हणाले.

त्या गाडीला त्यांनी नख फिरवून बघितलं. कुठेच अडकलं नाही. ते खांबाच्या या बाजूला आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला मला दिसला. "निघत्यात, समदे निघत्यात," ते कौसामावशींना सांगत होते. "वरवरचं हाय. जातीया पोर दिवाळीला."

पण पाणी कुठून आणायचं? नानांनी स्वतःची आंघोळ बंद केली आणि वाट्याचं पाणी गाडीला दिलं. गाडीवरून ओघळलेलं पाणी खाली परातीत धरायचे, कापडातून गाळायचे आणि पुन्हा वापरायचे. लीला तांब्या धरायची. टाकीचा एक तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, तो पुरा करायचा, मग पुढचा. हात गोल फिरवायचा नाही, सरळ न्यायचा आणि सरळ आणायचा. दुसरी गिऱ्हाइकं आली तर नाना म्हणायचे, "दिवाळीनंतर." शेवटी मेण लावून झाल्यावर शेडच्या पत्र्याची कड टाकीत सरळ रेघेसारखी दिसायला लागली. कौसामावशी, ज्या कधी शेडकडे फिरकायच्या नाहीत, त्याही विड्यांचं सूप बाजूला ठेवून बघायला आल्या.

"आरशावानी झाली गं बाई," त्या म्हणाल्या. "लीले, तोंड बघ तुझं."

लीलानं वाकून बघितलं आणि केस मागे सारले.

पहिला दिवाळसण. जावयाला आंघोळ घालायला ओळीतल्या सगळ्या घरांतून पाणी गोळा केलं. मी एक कळशी दिली. त्याला उटणं लावलं, ओवाळलं, नवे कपडे दिले. जेवण झाल्यावर तो शेडमध्ये गेला. गाडी सावलीत बघितली, मग उन्हात नेऊन बघितली, मग उकिडवं बसून खालून बघितली.

"छान झालंय, मामा," तो म्हणाला.

लीला नवं पातळ नेसून दारात उभी होती. पेटी पायाशी.

"हिला संक्रांतीनंतर नेतो," तो म्हणाला. "आत्ता घरात पाण्याचे हाल आहेत. एक माणूस कमी तेवढं बरं."

यात खोटं काही नव्हतं. तो गेल्यावर लीलानं पेटी उचलून आत नेली आणि पातळ बदललं.

संक्रांतीनंतर तो खरंच आला. मागच्या मडगार्डला बैलगाडीचं जू घासलं होतं. "मामा, जरा बघा." नानांनी बघितलं. नख अडकलं नाही. दोन दिवसांत काढून दिलं. घेऊन जाताना तो म्हणाला, आईची तब्येत ठीक नाही, ती हिंडूफिरू लागली की नेतो. पुढे मग टाकीवर पानसुपारीचा डबा घासला म्हणून आला. तेही काढलं.

"येतो तरी," नाना म्हणायचे. "न्यायची नसती तर हितं आला असता व्हय? नगरात काय दुसरं कुनी न्हाई?"

"फुकटात करनारं दुसरं कोन हाय?" कौसामावशी म्हणायच्या. "चरे काढाया येतोय त्यो. बायकू न्यायला न्हाई."

"गाडीच्या निमतानं का हुईना, उंबऱ्याला पाय लागतोय."

"उंबऱ्याला कुठं लागतोय? शेडातनं शेडात जातोय मेला!"

"जावयाला मेला म्हनू नगं."

"मंग काय म्हनू? तुमीच बघितला हुता. गाडी बघून."

ते वाईट बोलणं होतं, आणि मावशी ते रोज बोलायच्या, कधी विडी वळता वळता, कधी भाकरी वाढताना. नाना मान खाली घालून जेवायचे. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

पुढे पुढे नानांचं एक विचित्र झालं. नेवाशाकडचं कुणी स्टँडवर भेटलं की ते जावयाची चौकशी करायचे, आणि मग हळूच, "गाडी कशी हाय?" गाडी झकास आहे असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. गाडी कुठे तरी घासली असं कळलं की घरी येऊन लीलाला म्हणायचे, "पूड गाळून ठिव." आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे चरे काढणारा माणूस चरा पडायची वाट बघत होता.

रंगपंचमी झाली आणि गाडी आली. कारखान्यातल्या कुणीतरी टाकीवर चंदेरी रंग फासला होता, तेलातला. वाळून बसलेला. जावई म्हणाला, "आता हे गेलं पाहिजे, मामा. परवा येतो."

तो रंग पुडीनं निघणारा नव्हता. नानांनी डब्यातलं रबिंग काढलं. मी दोन्ही दिवस बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चंदेरी सगळं गेलं, पण त्यांचा हात टाकीच्या कडेला, जिथे मांडी टेकते तिथे, एकाएकी थांबला. ते फडकं त्यांनी उलटून बघितलं. फडक्यावर काळ्याऐवजी विटकरी उतरलं होतं. टाकीवर रुपयाएवढं अस्तर दिसत होतं.

नाना हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. कौसामावशी विड्या द्यायला विडी कारखान्यात गेल्या होत्या. मग आत गेले आणि लीलाला म्हणालेले मला ऐकू आलं, "तुझी काजळाची डबी दे."

काजळ त्यांनी मेणात कालवलं, बोटाच्या टोकावर घेतलं आणि त्या जागेवर लावलं. फुंकर मारली, पुन्हा लावलं. झाकण्यासाठी नानांना गाडीवर काही लावताना मी त्याच दिवशी पाहिलं. एकदा त्यांनी मान वळवून माझ्या दाराकडे बघितलं. मी ताटातले तांदूळ बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी नळावर गेल्या तेव्हा नाना लीलाची पेटी बाहेर घेऊन आले. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांनी घडी घालून मऊ धडपं ठेवलं, पेटीचा पत्रा घासू नये म्हणून. त्यावर पेटी. मग सुतळी. सुतळी जिथे जिथे रंगाला लागत होती तिथे तिथे त्यांनी चिंध्या गुंडाळल्या. किती तरी वेळ ते बांधत होते. बांधून झाल्यावर हलवून बघितलं. लीला दिवाळीचं पातळ नेसून दारात आली. तिला त्यांनीच नेसायला सांगितलं असणार.

जावई एसटीनं आला. गाडीभोवती फिरला. टाकीवर उन्हाची तिरीप होती. कडेच्या त्या जागेवर त्यानं बोट ठेवलं आणि ओढलं. मग बोट डोळ्यांसमोर धरलं. काळं झालं होतं. नाना त्याच्या बोटाकडे बघत होते. त्यानं खिशातून रुमाल काढला, बोट पुसलं आणि रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

"ही पेटी कुणाची?"

"लीलीची. म्हनलं, आता न्यायचीच हाय तर आधीच बांधून ठिवावी. तुमचा खोळंबा नगं."

जावई सुतळी सोडायला लागला. नानांनी नऊ गाठी मारल्या असतील की दहा, तो एकेक गाठ शांतपणे सोडवत होता, तोडत नव्हता. सुतळी गुंडाळून त्यानं बाजूला ठेवली. मग दोन्ही हातांनी पेटी उचलली. सरळ वर उचलली, खालचा पत्रा मडगार्डला लागू नये म्हणून, आणि इतक्या जपून की मला वाटलं, तो ती नीट करून पुन्हा ठेवणार आहे. नानांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते धडपं सरळ करायला पुढे झाले. त्यानं पेटी शेडबाहेर धुळीत ठेवली. धडप्याची घडी नानांच्या हातात दिली.

"येतो, मामा."

"जावईबापू, पोर..."

पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यानं किक मारली होती.

लीला दारातून हलली नाही. कौसामावशी हंडा घेऊन आल्या, धुळीतली पेटी बघितली, नानांकडे बघितलं. मी भिंतीपलीकडे अंग चोरून बसले होते, आता मावशी काय बोलतील म्हणून. मावशी हंडा घेऊन सरळ आत गेल्या. त्या दिवसापासून गाडी बघून पोरगी दिली हे वाक्य त्या घरातून बंद झालं, आणि बंद झालेलं ते मला जास्त ऐकू यायचं.

गाडी परत आली नाही. कुणी म्हणायचं जावयाला दुसरी मुलगी बघितली आहे, कुणी म्हणायचं बघतायत. नानांची गिऱ्हाइकंही सरली. त्या उन्हाळ्यात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, गाडीच्या चकाकीची कुणाला पडली होती. लीला दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. सकाळी अंधारातच बायकांबरोबर निघायची. एकदा नळावर तिनं मला हात दाखवले. पूड गाळणारे ते हात, बोटांची कातडी सोललेली. "आता ह्या हातानं गाडी पुसली तर चरे पडतील," ती म्हणाली. मी तिचा हंडा उचलू लागले.

नाना शेडमध्येच बसून असायचे. औषधांच्या डब्या पुसायचे, फडकी धुऊन वाळत घालायचे, वाळली की घडी करायचे. घडी केलेली फडकी कुणी वापरत नव्हतं, तरी पुन्हा धुवायचे, पाणी मिळेल त्या दिवशी.

उन्हाळा संपता संपता ह्यांची बदली राजूरला झाली. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. लीला कामावर गेलेली. कौसामावशींनी मला मिठी मारली, कुंकू लावलं, डोळ्याला पदर लावला. ट्रंका, गाद्या, पाटा-वरवंटा, सगळं चढलं. मी ड्रायव्हरच्या मागे चढून बसले तेव्हा नाना टेम्पोजवळ आले. माझ्याशी ते फारसे कधी बोलले नव्हते.

"बाई, टेम्पो कुठून जानार?"

मला नक्की माहीत नव्हतं. मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, संगमनेर, अकोले, मग घाट.

"म्हंजी नेवासा लागत न्हाई."

"नाही, नाना. ते दुसऱ्या अंगाला राहिलं."

"बरं," नाना म्हणाले.

टेम्पो सुरू झाला. मी मागे बघितलं तेव्हा त्यांच्या दारात लीलाची पेटी बाहेर काढून ठेवलेली होती, पुसून स्वच्छ केलेली, वर धडप्याची घडी. नानांनी ती उचलली आणि आत नेली.